नोला ट्रेगिअरचा भोंगा

नोला ट्रेगिअर आणि मी जवळजवळ तीस वर्षं एकमेकांच्या शेजारी बसलो आणि त्यातली बरीचशी भांडण्यात घालवली. भलता अर्थ काढू नका. ती विराबिलाची, मी पलीकडच्या बुरूंडाचा, आणि आम्ही दोघं आपापल्या गावच्या रग्बी लीग संघाचे वेळ पाहणारे. आमच्या भागात नियमच असा आहे की दोन्ही गावांचा एकेक माणूस घड्याळ घेऊन मैदानाकाठच्या एकाच उंच खोलीत बसवायचा. एकाने लबाडी करू नये म्हणून दुसरा. वेळ संपल्याचा भोंगा मात्र एकच, आणि ज्याचं मैदान त्याच्या हातात त्याचं बटण. विराबिलाच्या मैदानावर ते नोलाच्या हातात असायचं, आणि तिथे जाताना आमची पोरं वाऱ्यापेक्षा आणि चिखलापेक्षा त्या बटणाला जास्त घाबरायची.

बाई दिसायला काडीपैलवान. पण आठवडाभर ती शाळेची बस चालवायची आणि त्या बसची वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धावत येणारं पोर आरशात दिसलं तरी तिचा पाय ब्रेकवर जात नसे. एकदा खुद्द हेडमास्तरांची गाडी बंद पडली म्हणून ते बसच्या थांब्यावर आले, पण जरा उशिरा आले. नोलाने त्यांना हात केला, छानपैकी हसली, आणि निघून गेली. पोरांनी खिडकीतून मास्तरांना टाटा केला. मास्तर शाळेत पोचले ते दुधाच्या गाडीतून.

भोंग्याचं काम तिच्याकडे आलं तेही असंच. आधी ते तिच्या नवऱ्याकडे, बर्टकडे होतं. बर्ट लाख माणूस, पण विराबिला मागे पडलं की त्याचं घड्याळ रेंगाळायचं आणि पुढे गेलं की पळत सुटायचं. आमची माणसं शिव्या देऊन थकली. एका शनिवारी नोला हातात चहाचा थर्मास घेऊन शिडी चढून वर आली, सगळ्यांसमोर त्याच्या हातातून घड्याळ काढून घेतलं आणि म्हणाली, "ऊठ. लाज काढलीस गावाची." बर्ट उठला. पुढे तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा पोरगी, जनेल, अजून नोलाच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसून शाळेत जायची. बर्टला मंगळवारी पुरलं, आणि शनिवारी नोला घड्याळ घेऊन खोलीत हजर. मला म्हणाली, "बघतोस काय? तुझं घड्याळ चालू कर."

त्या दिवशी मी भांडलो नाही. पण पुढच्या वर्षी कसर भरून काढली. आमच्या माणसाला त्यांच्या गोलरेषेपासून हातभर अंतरावर पाडलं होतं. त्याने उठून चेंडू टाचेखालून मागे सारायचा, की मागच्याने तो घेऊन रेषेपलीकडे उडी टाकायची, की सामना आमचा. तो उठतोय तेवढ्यात हिने भोंगा दाबला.

"अगं, निदान त्याला उभं तरी राहू द्यायचंस!"

"त्याला सांग, पुढच्या वेळी लवकर उठ."

"माझ्या घड्याळात अजून वेळ होता!"

"तुझ्या घड्याळाला आणि तुला दोघांनाही डॉक्टरकडे ने," असं म्हणून तिने मला लॅमिंग्टन पुढे केलं. खोबऱ्यात घोळवलेला हा चॉकलेटचा केक नोला स्वतः करायची, आणि तोंडात तो असताना भांडता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

तर अशी ही वेळेची पोलीस. म्हणूनच तिला तो नवा नियम नाकापुढे मिरची धरल्यासारखा झोंबला. पूर्वी अंतिम सामना बरोबरीत सुटला की दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव पुरेपूर खेळायचे, आणि शेवटी जो पुढे तो जिंकला. सरळ हिशोब. त्या वर्षी शहरातल्या मोठ्या संघांचं बघून आमच्या जिल्ह्यानेही सोनेरी गुण आणला. म्हणजे जादा वेळेत जो पहिला गुण मिळवील तो जिंकला, खेळ तिथेच खलास. धावता धावता चेंडू जमिनीवर टाकून, उसळला रे उसळला की खांबांमधून लाथाडला, तरी एक गुण मिळतो आणि तेवढाही पुरे. पाच-पाच मिनिटांचे दोन डाव, आणि अंतिम सामन्यात तेवढ्यानेही निकाल लागला नाही तर लागेपर्यंत खेळत राहायचं.

"लागेपर्यंत म्हणजे किती वेळ?" नोलाने सभेत उभं राहून विचारलं.

"लागेपर्यंत," अध्यक्ष म्हणाले.

"याला वेळ म्हणत नाहीत. मग मला वर कशाला बसवता? कोंबडी बसवा."

मला स्वतःला नियम आवडला होता. शेवटच्या मिनिटांत जीव नुसता टांगणीला लागतो. पण नोलाचा स्वभाव वेगळा. घड्याळाचं राज्य जिथे चालत नाही तिथे तिला गुदमरायला व्हायचं.

त्याच वर्षी जनेलचं लग्न ठरलं, टायनीशी. टायनी म्हणजे चिमुकला. आमच्याकडे टकल्याला कुरळ्या म्हणतात आणि अंगापिंडाने दांडग्याला चिमुकला. हा टायनी विराबिलाच्या पुढच्या फळीत खेळायचा आणि दारातून आडवा होऊन आत यायचा. मनाने मात्र मेंढरू. त्याला देशाच्या पार पश्चिम टोकाला लोखंडाच्या खाणीत चांगली नोकरी लागली होती. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं गाडीने निघणार, चार दिवसांच्या रस्त्याला. नोलाची ही एकच लेक. तिचं म्हणणं एवढंच होतं, "जा बाई कुठेही. पण लग्न इथे, माझ्या डोळ्यांदेखत, बापाने केलं त्याच चर्चमध्ये."

तारीख तिनेच काढली. सप्टेंबरचा शनिवार. कुणीतरी म्हणालं, "नोला, त्या दिवशी अंतिम सामना असतो." त्यावर विराबिलाचं झाडून सगळं गाव हसलं. अंतिम सामना असतो, पण त्यात विराबिला कुठे असतं? जनेल जन्मल्यापासून त्यांनी अंतिम सामना पाहिला तो दुसऱ्यांचा. सप्टेंबरात आपली पोरं रिकामीच असतात, हे त्या गावात पंचांगासारखं पक्कं. म्हणून तिथली निम्मी लग्नं सप्टेंबरात होतात, आणि याचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा आहे.

त्या वर्षी नेमकं त्या पोरांच्या अंगात वारं शिरलं. एकामागून एक जिंकत सुटली. टायनी तर असा खेळत होता की जणू हुंडा कमवायचाय. ऑगस्टमध्ये विराबिला गुणांत सगळ्यांच्या वर, म्हणजे अंतिम सामना त्यांच्याच मैदानावर, आणि समोर आम्ही, बुरूंडा.

तारीख हलवायची सोय नव्हती. आधीच्या आठवड्यात पाद्रीबाई परगावी, आणि पुढच्या गुरुवारी टायनी खाणीत हजर हवा. आमच्या पाद्रीबाई, रेव्हरंड इस्बेल, एकट्या चार गावं सांभाळतात. त्याच दिवशी पाच वाजता त्यांना दूरच्या एका गावात दुसरं लग्न लावायचं होतं, त्यामुळे इथून साडेचारला निघणं भाग. नोलाने मग शाळेच्या बससारखं वेळापत्रक बांधलं. सामना चारच्या सुमारास संपेल. टायनी आंघोळ करील, तीही नीट करील. सव्वाचारला चर्च. साडेचारला पाद्रीबाई मोकळ्या. मला तिने हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं.

"आणि बरोबरी झाली तर?" मी गंमत म्हणून विचारलं.

तिने बोटं मिटली. "बरोबरी होते का कधी? थोबाड बंद ठेव."

सामन्याच्या दिवशी मोहरीसारखी पिवळी कॅनोला चहूकडे फुललेली आणि मैदानाच्या कुंपणाला नाकं लावून गाड्या उभ्या. चांगली जागा मिळावी म्हणून लोक आदल्या दिवशीच गाडी लावून घरी चालत जातात. आमच्याकडे टाळ्या वाजवायची पद्धत नाही. गाडीत बसून खिमा भरलेला गरम मीट पाय खायचा, टोमॅटो सॉस मांडीवर सांडायचा, आणि आपल्या गावाने गुण मिळवला की हॉर्न दाबून धरायचा.

सुरुवातीलाच वेळापत्रकाचं कंबरडं मोडलं. आधी आमच्या एकाचा खांदा निखळला. मग उत्तरार्धात एक काळं कुत्रं मैदानात घुसलं आणि चेंडूच्या मागे लागलं. रेफरी ग्रॅहमने हात उंचावून वेळ थांबवली आणि दोन्ही संघांचे मिळून सव्वीस धट्टेकट्टे बाप्ये त्या कुत्र्यामागे धावले. कुणाला सापडेल तर शपथ. नोला घड्याळाच्या बटणावर अंगठा ठेवून पुटपुटत होती, "पकडा रे त्याला, मेल्यांनो, माझ्या पोरीचं लग्न आहे."

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. मी मनात कप धुऊनपुसून कपाटात ठेवलासुद्धा. तेवढ्यात आमच्या एका शहाण्याने त्यांच्या माणसाला मानेला धरून पाडलं. पेनल्टी, आणि तीही खांबांच्या ऐन समोर. मारली तर दोन गुण, म्हणजे बरोबरी.

नोलाकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक. "नको मारूस," ती हळूच म्हणाली. "चुकव रे बाबा. एकदाच चुकव."

"अगं, तुझ्याच गावाचा आहे तो!"

"माहिताय मला कुणाचा आहे तो!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघांनी देवाकडे एकच गोष्ट मागितली. देवाने दोघांचंही ऐकलं नाही. चेंडू खांबांमधून गेला, विराबिलाच्या गाड्यांनी कान किटवले, आणि नोलाने कोरड्या चेहऱ्याने भोंगा दाबला. अठरा-अठरा.

पाच मिनिटांची विश्रांती, ती संपल्याचा भोंगा, मग सोनेरी गुण. तेव्हा चर्चची वेळ टळून गेली होती.

खाली कुंपणापाशी एक पिकअप येऊन थांबली. जनेल. अंगात पांढराशुभ्र झगा, पायात रबरी बूट. चर्चच्या दारात उभी राहून कंटाळली होती बिचारी. तिच्यामागून पाद्रीबाई झपाझपा चालत आमच्या खोलीखाली आल्या आणि वर मान करून म्हणाल्या, "नोला, माफ कर ग. मला निघायलाच हवं. तिकडेही एक नवरी उभी आहे."

आता सामना केव्हा संपेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, नोलासुद्धा नाही. पाद्रीबाई गेल्या की लेक पहाटे निघून जाणार आणि हजारो मैलांवर कुठल्या तरी कचेरीत, दोन अनोळखी साक्षीदारांसमोर तिचं लग्न होणार.

नोलाने नाक ओढलं आणि खिडकीतून वाकून विचारलं, "लग्नाला कमीत कमी किती वेळ लागतो?"

"गाणी गाळली, उपदेश गाळला, तर पाच मिनिटं."

"पाच मिनिटं आहेत. लावा."

"कुठे?"

"नवरा उभा आहे तिथे!"

पाद्रीबाई धावल्या. जनेलने झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि तीही धावली. मैदानाच्या मधोमध टायनी पाठीवर पडून पाणी पीत होता. डोळे उघडले तर समोर नवरी. तो धडपडत उभा राहिला. कान रक्ताळलेला, गुडघ्यापासून कपाळापर्यंत चिखल. ग्रॅहमने बिचाऱ्याने नाणेफेक उरकून घेतली आणि दोन्ही कप्तानांना साक्षीदार म्हणून उभं केलं. आमचा कप्तान मला नंतर म्हणाला, "त्याच्या मानेवर पाय देऊन आलो होतो, आणि आता त्याच्या लग्नाची सही करायची!"

"तू जा ना खाली," मी नोलाला म्हणालो. "मी आहे इथे."

"भोंगा बुरूंडावाल्याच्या हातात? मेले तरी नाही."

"अगं, लेकीचं लग्न आहे!"

"इथून दिसतंय मला." तिने घड्याळ घट्ट धरलं होतं. "मी खाली गेले आणि पाचाची सहा झाली, तर जन्मभर म्हणाल, नोलाने पोरीसाठी वेळ चोरला. बर्टचं ऐकून घेतलंय मी तेवढं पुरे."

तेव्हा मला ती बाई कळली, इतक्या वर्षांनी. मला तिचा राग आला, आणि दयाही आली.

खाली पाद्रीबाई घाईघाईने बोलत होत्या. पण देवाचं काम आहे, त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच. त्यात टायनीला रडू फुटलं. एवढा रेडा, पण हुंदके आवरेनात. पाद्रीबाई थांबल्या. इकडे नोलाचे ओठ आकडे मोजत होते आणि अंगठा सरकत सरकत बटणाकडे निघाला होता. ती दाबणार होती. स्वतःच्या लेकीच्या लग्नात, मधोमध, ती भोंगा वाजवणार होती, कारण ती नोला होती.

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलो आणि बोंब ठोकली, "ए ग्रॅहम! मैदानात बाहेरची माणसं आहेत! वेळ थांबव!"

ग्रॅहम वर बघतच राहिला.

"अरे, कुत्र्यासाठी थांबवलीस, नवरीसाठी थांबवशील की नाही?"

आता ग्रॅहमचा चेहरा उजळला. नियम तो नियम. बाहेरचं कुणी मैदानात असेल तर खेळ सुरू करता येत नाही, आणि ते जाईपर्यंत वेळ थांबते. त्याने दोन्ही हात उंच करून वेळ थांबल्याची खूण केली. आमच्या बाकावरून कुणीतरी माझ्यावर ओरडलं, "व्हर्न, तू कुणाच्या बाजूचा रे?" विराबिलाची पोरं दमून अर्धमेली झाली होती, आमची ताजीतवानी, म्हणजे लांबलेली विश्रांती त्यांच्याच पथ्यावर, हे मलाही दिसत होतं. पण ओरडून झालं होतं.

नोलाने घड्याळ थांबवलं. काटा थांबला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"जा आता," मी म्हणालो. "थांबलेल्या घड्याळाला राखण लागत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि बटण माझ्याकडे सरकवलं. "ग्रॅहमने हात खाली घेतल्याशिवाय दाबशील तर हात मोडीन," म्हणाली, आणि शिडी न बघता उतरली. साठीच्या उंबरठ्यावरची बाई मैदानात अशी धावली की दोन्ही गावांच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या.

ती पोचली तेव्हा पाद्रीबाई विचारत होत्या, "या मुलीला कोण देतंय?" खरं तर तो प्रश्न आधीच येऊन गेला असणार. पण त्यांनी तो मागे ठेवला होता, किंवा पुन्हा विचारला, देव जाणे. नोलाला धाप लागलेली. तिने जनेलचा हात टायनीच्या चिखलाने भरलेल्या पंजात दिला आणि म्हणाली, "मी. मी आणि बर्ट." तिचा आवाज बसवाल्या बाईचा, वरपर्यंत ऐकू आला. मला चष्मा पुसावा लागला.

अंगठी घातली, मुका घेऊन झाला, कप्तानांनी पाद्रीबाईंच्या मोटारीच्या बॉनेटवर सह्या ठोकल्या आणि पाद्रीबाई धुरळा उडवत दुसऱ्या नवरीकडे पळाल्या. ग्रॅहम टायनीजवळ गेला आणि ओशाळून म्हणाला, "मित्रा, अंगठी काढ. दागिने घालून खेळता येत नाही."

"आत्ता तर घातली!"

"नियम आहे."

त्याने अंगठी काढून बायकोला दिली. आमच्या बाकावरून लगेच आवाज, "मोडलं का रे इतक्यात?" सगळं मैदान हसलं. टायनीही हसला, पुढचे दात पडलेल्या तोंडाने.

मग ग्रॅहमने हात खाली घेतला, उरलेली विश्रांती संपली आणि मी विराबिलाचा भोंगा वाजवला. बुरूंडाच्या माणसाने तो वाजवल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. नोला परत वर येईल म्हणून मी खुर्ची पुसून ठेवली होती. पण ती आलीच नाही. जनेलबरोबर पिकअपच्या मागच्या फळीवर बसली, पाय खाली सोडून.

सोनेरी गुणाचा खेळ कसला असतो ते पाहिलेल्यालाच कळेल. दोन्ही संघ एकाच लाथेसाठी टपलेले. त्यांच्या पोराने मारली, ती खांबाला लागून परत. आमच्याने मारली, ती गाड्यांच्या टपांवरून पार. टायनी तर इतका धावत होता की बायको मिळाल्याच्या आनंदात त्याला दम लागायचंच राहून गेलं होतं. अंगावर काटा येत होता. आणि मग आमच्या नव्या, किडकिडीत फुलबॅकने, म्हणजे सगळ्यात मागे खेळणाऱ्या पोराने, चेंडू घेतला, एक पाऊल मागे सरकला, आणि सामना आमचा झाला. एकोणीस-अठरा.

त्या लाथेची गोष्ट बुरूंडाच्या दारूच्या दुकानात आजही सांगतात. चेंडू आधी डावीकडे गेला, मग वाऱ्याने वळला, खांबाला आतल्या बाजूने घासून आत पडला. लोक मला मुद्दाम विचारतात, "व्हर्न, तुला तर वरून सगळ्यात छान दिसलं असेल?" मी हो म्हणतो.

मला काहीच दिसलं नाही. भोवती हॉर्न उसळले तेव्हा कळलं की आपण जिंकलो. मी त्या पिकअपकडे बघत होतो. नोलाने लेकीच्या पायांतले रबरी बूट काढले होते आणि तिचे थंडगार पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळत बसली होती. सामना संपला तरी दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.